महाराज दमले तो गड

दिवाळीला मुलं मातीचा किल्ला करतात, हे आमच्या चिरंजीवांना यंदा प्रथमच समजलं. वय वर्षं नऊ, जन्म एडिंबराचा. तिथल्या खडकावरचा राजकिल्ला तो रोज शाळेला जाताना बघतो. बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं चिमुकलं प्रार्थनामंदिर, काचेआड ठेवलेला स्कॉटलंडचा राजमुकुट, सारं त्याला पाठ. त्याला तो ‘आपला किल्ला’ म्हणतो. ऐकताना दर वेळी खुपतं. पण बोलायचं कोणत्या तोंडानं? बारा वर्षांपूर्वी देश सोडला तो आम्हीच!

नाशिकला आजोबांच्या अंगणात किल्ला उभा राहिला. शिखरावर मातीचे शिवाजीमहाराज बसले आणि प्रश्न आला, “आजोबा, खरा कुठाय?”

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. घोटीला चहा घेतला. भाताच्या गिरण्यांचं हे गाव; दिवाळीच्या सुमारास शिवारात कापणीची घाई. पुढं सर्वतीर्थ टाकेद लागलं. जटायूनं इथं प्राण सोडले, अशी श्रद्धा आहे. हात जोडून आम्ही पट्टा किल्ल्याची वाट धरली. नाशिकच्या सीमेला लागून, अकोले तालुक्यातला हा गड. चढ बेताचाच; आजोबासुद्धा काठी टेकत चढले.

वर काय होतं? दगडी अंबारखाना, त्र्यंबक दरवाजा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, देवीचं देऊळ आणि मोकळा वारा. पश्चिमेला कळसूबाई, शेजारी अलंग, मदन, कुलंग. अलीकडच्या पठारांवर गरगरणाऱ्या पवनचक्क्या. चिरंजीवांचा चेहरा उतरला. “राजाचा मुकुट कुठाय? राजवाडा?”

मी गप्प राहिलो. आजोबांनी त्याला देवळाच्या पायरीवर जवळ बसवलं.

“नोव्हेंबर १६७९. जालना लुटून महाराज परत येत होते. संगमनेरच्या बाजूला मोगलांची फौज आडवी आली. सिधोजी निंबाळकर लढता लढता पडले. बहिर्जी नाईक म्हणाला, मी वाट दाखवतो. आडवाटेनं तीन दिवस, तीन रात्री चालून त्यानं सगळ्यांना सुखरूप इथं आणलं. महाराजांनी इथं विसावा घेतला, म्हणून हा विश्रामगड.”

“मग?”

“मग ते पुन्हा निघाले. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर वारले. जेमतेम पन्नाशीचे होते.”

पोर बोटांवर महिने मोजत राहिलं. “म्हणजे फक्त चार-पाच महिने? आणि इथं ते नुसते झोपले?”

“झोपले असतील. दमलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं?”

हे ऐकून मीच खाली बघितलं. आजोबांनी हे माझ्यासाठी म्हटलं नव्हतं; पण बारा वर्षांत सुटी अनेकदा घेतली, विसावा असा एकदाही घेतला नव्हता.

एवढ्यात पायथ्याच्या वाडीतली एक बाई देवीला झेंडू वाहायला आली. तिनं पोराच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि विचारलं, “कुठलं रं तू, बाळा?”

मी श्वास रोखला. तो जरा थांबून म्हणाला, “नाशिकचा. पण राहतो लांब.”

संध्याकाळी घरी परतलो. आकाशकंदील लावून अंगणात आलो, तर किल्ल्याचं शिखर रिकामं. मातीचे महाराज तुळशीवृंदावनाच्या आडोशाला, पणतीपासून बेतानं दूर ठेवलेले.

“हे काय रे?”

“हळू बोला ना, बाबा,” तो म्हणाला. “उद्या त्यांना रायगडला जायचंय.”