लास व्हेगास आणि पदराची गाठ

"अगं बाई! जुगाराच्या गावाला निघालात?" मुलाकडे अमेरिकेला गेल्यावर लास व्हेगासही पाहणार आहोत, असं मी सांगितलं तेव्हा आमच्या आळीतल्या एका वहिनींनी गालावर बोटच ठेवलं. "गावाला जाते आहे वहिनी, जुगाराला नाही," मी तोऱ्यात म्हटलं खरं! त्या तोऱ्याचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी प्रवासाचं.

हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणी मुलामुलींकडे अमेरिकेला जातात. मुलं कॅलिफोर्नियात असली तर लास व्हेगासची सहल ठरलेलीच. लॉस एंजेलिसहून मोटारीने चार-पाच तासांचा वाळवंटातला रस्ता. खर्च मुलगा करतो, तेव्हा आपण कशाला विचारा, असा आपल्याला संकोच असतो. मीही गप्पच होते. पण एका रात्री पाणी प्यायला उठले तर सूनबाई स्वयंपाकघरात कागदावर आकडेमोड करत बसलेली. म्हणाली, "आई, ह्याला सांगू नका, पण हे फार होतंय हो." मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. तीस वर्षं महिन्याचा किराणा बसवलाय, दोन दिवसांची सहल बसवता येणार नाही होय?

वार बघून जा

तिथल्या हॉटेलांचे दर भाजीबाजारासारखे रोज बदलतात. शुक्रवार-शनिवारी सगळी अमेरिका मजा करायला येते, म्हणून त्या दोन रात्री महाग. रविवार ते गुरुवार तीच खोली पुष्कळ स्वस्त मिळते. मात्र एखादं मोठं प्रदर्शन असेल तर मधल्या वारीही दर चढतात. जानेवारीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं भलंमोठं प्रदर्शन भरतं, आणि २०२३ पासून नोव्हेंबरात मोटारींची फॉर्म्युला वन शर्यत होते. ते दिवस टाळावेत. आम्ही शनिवारऐवजी सोमवारी निघालो. चिरंजीवांना दोन दिवस रजा काढावी लागली, पण खोलीच्या भाड्यात मोठी बचत झाली.

दर एक, बिल दुसरंच

तिथे खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' नावाची रक्कम दर रात्री घेतात. तुम्ही पोहण्याच्या तलावात पाय बुडवा न बुडवा, ती द्यावीच लागते. मोठ्या हॉटेलांत ती सहज चाळीस-पन्नास डॉलर होते. डॉलर नव्वदच्या घरात धरून हिशोब करा म्हणजे कळेल! त्यावर कर वेगळा. पूर्वी ही फी अगदी शेवटी कळायची. मे २०२५ पासून अमेरिकन सरकारच्या नियमाप्रमाणे सक्तीच्या आकारासह एकूण दर आधीच दाखवावा लागतो. तरीही कर धरून शेवटचा आकडा किती, ते पैसे भरण्याआधी नीट वाचा आणि दोन-तीन हॉटेलांची तुलना त्या आकड्यावरच करा.

मोटार ठेवण्याचे पैसे पुष्कळ हॉटेलं वेगळे घेतात, तेही आधी विचारावं. आणि खोलीतल्या फ्रिजपासून जरा जपून बरं का! बऱ्याच हॉटेलांत आतली बाटली नुसती उचलून परत ठेवली तरी बिलावर चढते. आपली औषधं किंवा दही ठेवायला म्हणून तो रिकामा करायला जाऊ नका.

पोटापाण्याचं

पूर्वी लास व्हेगास म्हणजे स्वस्त आणि पोटभर बुफे अशी ख्याती होती. आता बरेच बुफे बंद झाले, आणि उरले आहेत ते मुळीच स्वस्त नाहीत. आपल्यासारख्या शाकाहारी माणसांना तर ते परवडतच नाहीत. मी दशम्या, लसणीची चटणी आणि दाण्याचे लाडू बरोबर घेतले होते. सकाळची न्याहारी त्यावर झाली. दुपारी हॉटेलात एक ताट दोघांत मागवायचं. ताटं एवढी मोठी असतात, की कोणी उपाशी राहत नाही.

बहुतेक खोल्यांत चहाची सोय नसते. भारतातून नेलेली विजेची किटली तिथे चालत नाही, कारण तिथला विजेचा दाब आपल्या निम्मा असतो. थर्मास नेलेला बरा. पाण्याच्या बाटल्यांचं खोकं गावाबाहेरच्या मोठ्या दुकानातून आधीच गाडीत टाकावं. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. हवा कोरडी असल्याने घाम जाणवत नाही, पण घशाला कोरड पडते, आणि हॉटेलातली बाटली मग नाइलाजाने घ्यावी लागते.

फुकटचं तेच देखणं

मुख्य रस्त्याला 'स्ट्रिप' म्हणतात. तो साडेसहा-सात किलोमीटर लांब आहे. "हे काय, समोरच तर आहे" असं वाटणारं हॉटेल गाठायला अर्धा तास लागतो. साडी असो की पंजाबी ड्रेस, पायात बूटच हवेत. काही हॉटेलांना जोडणाऱ्या छोट्या आगगाड्या फुकट आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा दिवसभराचा पास काढला की टॅक्सीची गरज पडत नाही.

बेलाजिओ हॉटेलासमोरच्या तळ्यात गाण्याच्या तालावर नाचणारी कारंजी आहेत. रात्री तर ती दर पंधरा मिनिटांनी सुरू होतात. त्याच हॉटेलात ऋतूप्रमाणे बदलणारी फुलांची आरास आहे. फ्लेमिंगो हॉटेलच्या बागेत गुलाबी रोहित पक्षी आहेत. जुन्या गावातल्या फ्रीमाँट स्ट्रीटवर रस्त्याच्या छतभर दिव्यांची चित्रं धावतात. ह्यातल्या कशालाच तिकीट नाही. पूर्वी जाऊन आलेले लोक ज्वालामुखी पाहायला सांगतील, पण मिराज हॉटेलसमोरचा तो ज्वालामुखी २०२४ मध्ये हॉटेलबरोबरच बंद झाला.

मोटार असेल तर तासाभरात हूवर धरण गाठता येतं. धरणावरून चालायला पैसे पडत नाहीत, जवळच्या वाहनतळावर मात्र द्यावे लागतात. ह्या धरणाचं काम १९३१ साली सुरू झालं, आणि त्याच वर्षी नेवाडा राज्याने जुगाराला कायद्याने परवानगी दिली. आमचे हे धरणावरून तासभर हलेनात!

आणि ते पाकीट

आता माझ्या तोऱ्याचं. सूनबाईने प्रत्येकाला २० डॉलरचं पाकीट दिलं होतं. संपलं की उठायचं.

तिथल्या खेळांचा हिशोब आपल्याला समजण्यासारखा आहे. रूलेटच्या चाकावर १ ते ३६ आकडे आणि दोन शून्यं, अशी ३८ घरं असतात. सगळ्या घरांवर एकेक डॉलर लावलात तर ३८ जातात. जिंकलेल्या घराचे, तुमचा डॉलर धरून, ३६ परत येतात. म्हणजे दर फेरीला दोन डॉलर जुगारघराचे, नशीब कुणाचंही असो. काही चाकांवर तर तीन शून्यं असतात. ती आणखी वाईट.

हे सगळं मला ठाऊक होतं. ह्यांचे २० डॉलर पाव तासात गेले आणि हे शांतपणे कॉफी घेत बसले. मी एका सेंटच्या यंत्रापाशी बसले होते. नाव एका सेंटचं, पण एकदा कळ दाबली की पन्नास-साठ सेंट जातात. सुरुवातीला १८ डॉलर जिंकले. मग ते गेले, पाकीटही गेलं. गेलेलं परत येईलच, असं वाटून मी पर्स उघडली. भाचीच्या लग्नात काही घ्यावं म्हणून १०० डॉलर बाजूला ठेवले होते, त्यातले ६० त्या यंत्रात घातले. भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी नाही. तासभर कसा गेला, कळलंच नाही. धर्मराजाला आपण नावं ठेवतो. त्या दिवशी मला त्याची दया आली.

रात्री सूनबाईलाच आधी सांगितलं. ती हसली नाही. वही काढून तिने लिहिलं, 'आई, खेळ, ८०.' मग म्हणाली, "आई, उद्या पर्सा खोलीतल्या तिजोरीत ठेवू या का?" दुसऱ्या दिवशी दोघींनी तेच केलं. मोजके पैसे तेवढे जवळ ठेवले. जुगारघरातल्या पैशाच्या यंत्रातून काढायला जावं तर फी जबर, म्हणून कार्डंही तिजोरीत गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, जरूर जा. नातवंडं असतील तर लक्षात ठेवा, एकवीस वर्षांखालच्यांना खेळाच्या दालनात थांबू देत नाहीत. वार, बिल, पाणी सगळं सांभाळा. पण माझ्या दशम्यांनी आणि बसच्या पासाने जे वाचवलं, त्यातलं बरंचसं एका तासात गेलं, हेही विसरू नका. खेळायचंच असेल तर गेले तरी चालतील एवढेच पैसे घ्या आणि पर्स खोलीत ठेवून मगच खाली उतरा.

भाचीला साडी मी घरखर्चातून वाचवून घेतली. त्याला चार महिने लागले. आळीतल्या वहिनींनाही सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी पुन्हा गालावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "पण कारंजी खरंच गाण्यावर नाचतात का हो?"