‘जवारी गेली’ : जुन्या तंबोऱ्याच्या परीक्षेविषयी

तंबोरा निस्तेज वाजू लागला की ‘जवारी गेली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. घोडीचा किंचित बहिर्वक्र पृष्ठभाग आणि त्यास तार चाटून उमटणारा झंकार, या दोहोंनाही ‘जवारी’ हीच संज्ञा असल्यामुळे, झंकार लोपला म्हणजे घोडीच बिघडली असा ग्रह सहज होतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण एकदा घासलेली घोडी पूर्ववत होत नाही.

या पृष्ठभागाचे महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली विशद केले. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे निस्पंद असणारे उपस्वर नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीची घडण हे होय.

म्हणून परीक्षेस प्रारंभ अन्यत्र करावा. दांडी वाकली, भोपळ्याशी असलेला तिचा सांधा उघडला, किंवा तबली घोडीखाली खचली, तर तारेचा घोडीशी होणारा कोन बदलतो. अशा वेळी सांधा सरसाने जोडणे हाच खरा उपाय असू शकतो. हे निर्दोष आढळल्यास तारेखालचे सूत हळूहळू सरकवावे. एखाद्या स्थानी झंकार खुलला, तर पृष्ठभाग शाबूत समजावा. कोठेच न खुलल्यास, व तारेच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडलेल्या दिसल्यास, मिरजेतील कारागिरांप्रमाणे मुरलेल्या हाताकडूनच जवारी काढून घ्यावी.

‘जवारी गेली’ हा प्रयोग परिणाम सांगतो; कारण शोधावे लागते.