सायकलच्या पायडलमधून कटकट आवाज येतो? घरीच बदला छर्रे; शाळकरी मुलींच्या पालकांसाठी उपयुक्त माहिती

शेलूबाजार : पावसाळा सुरू झाला की काळ्या मातीचा चिखल सायकलच्या कानाकोपऱ्यात शिरतो. पायडल मारताना कटकट आवाज येतो, क्रँक डावी-उजवीकडे हलते. बरेच जण तशीच सायकल रेटतात. पण क्रँकची पिन ढिली होऊन पाय अचानक सटकला, तर अकोला-मंगरूळपीर रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर मोठा धोका होऊ शकतो.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ पासून ही रक्कम ५ हजार रुपये आहे. मात्र ती एकदाच मिळते. त्यामुळे आहे ती सायकल टिकवणे महत्त्वाचे.

बिघाड कसा ओळखावा?
पायडल नाही, तर क्रँकचा दांडा धरून आत-बाहेर हलवून पाहा. एकच क्रँक हलत असेल तर पिन ढिली आहे. दोन्ही क्रँक सोबत हलत असतील तर आतले छर्रे किंवा वाट्या झिजल्या, असे समजावे.

उघडायचे कसे?
आधी चेनकव्हर काढा. पिनचे नट पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाबरोबर येईल इतकेच ढिले करा, म्हणजे आटे खराब होत नाहीत. क्रँकखाली लाकडाचा भक्कम ठोकळा लावून नटवर हातोडीचा ठोका द्या. पिन सुटली की नट काढून दोन्ही क्रँक उतरवा.

खाली जुने कापड अंथरा, नाहीतर छर्रे मातीत हरवतात. डाव्या बाजूची चकती (लॉक रिंग) आणि मग वाटी, दोन्ही नेहमीप्रमाणे उलट्या फिरवून निघतात. अ‍ॅक्सल डावीकडूनच बाहेर येतो. चेनकडच्या वाटीला शक्यतो हात लावू नका. तिचे आटे उलटे असतात. ती काढायचीच असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवावी लागते. इथेच अनेकांची चूक होते अन् जोर लावून आटे जातात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

काय बदलायचे?
सगळे भाग डिझेलने धुऊन पुसा. वाटीत किंवा अ‍ॅक्सलवर खड्डे दिसले तर तो भागही बदला, नाहीतर नवे छर्रे लवकर खराब होतात. साध्या सायकलला साधारणतः पाव इंची छर्रे, एका बाजूला ११ असे २२ लागतात. जुने-नवे मिसळू नका. छर्रे जाळीत असतील तर जाळी काढली त्याच तोंडाने बसवा.

परत बसवताना
वाटीत भरपूर ग्रीस लावून छर्रे चिकटवा. अ‍ॅक्सलची लांब बाजू चेनकडे ठेवा. डावी वाटी हाताने कसा. अ‍ॅक्सल मोकळा फिरला पाहिजे, पण हलता कामा नये. मग वाटी पान्याने जागेवर धरून चकती टाइट करा. दोन्ही पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने टाका, तरच क्रँक एका रेषेत येतात. पिन ठोकून नट कसा. दोन-तीन दिवस सायकल चालवल्यावर नट पुन्हा तपासा.

गिअरच्या सायकलचे वेगळे
काही महागड्या गिअर सायकलींमध्ये आटे नसतात. तिथे बंद बेअरिंग दाबून बसवलेले असते, त्याला प्रेस-फिट म्हणतात. ते काढताना आतून बाहेरच्या दिशेने, गोल फिरत थोडे-थोडे ठोके द्यावे लागतात. बसवताना मात्र ठोकू नये. लांब बोल्ट, नट आणि मोठे वायसर लावून हळूहळू सरळ दाबावे. जोर बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. आतल्या कड्यावर जोर दिला तर नवे बेअरिंगही खराब होते. बेअरिंगवरचा नंबर पाहूनच नवे आणावे.

शेवटी एक काळजी
मोटारीच्या पाइपाने पाण्याचा जोरदार फवारा मारून सायकल धुऊ नका. पाणी आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि गंज चढतो. ओल्या फडक्याने पुसणे चांगले. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा ग्रीस बदलल्यास सायकल बरीच वर्षे साथ देते.