पहिली फिल्म कोणती घ्यावी?

माळ्यावर आजोबांचा कॅमेरा सापडतो, आपण तो झाडूनपुसून दुकानात नेतो. दुकानदार विचारतो, "कुठली फिल्म देऊ?" आणि इथेच नवशिक्या गडबडतो. मोबाइलवर हवे तेवढे फोटो काढावेत; फिल्मच्या रिळात मात्र फार तर छत्तीस. तिथली चूक खिशाला लागते, आणि गेलेला प्रसंग काही परत येत नाही.

आधी कॅमेऱ्याला कुठली फिल्म बसते ते पाहा. बहुतेकांना ३५ मिलिमीटरची, डबीतली लागते. पुष्कळ घरांत असलेला आग्फा क्लिक-३ मात्र १२० नंबरची, कागदात गुंडाळलेली रुंद फिल्म घेतो आणि १२ चौकोनी चित्रे देतो.

आता डबीवरचा आकडा. १००, २००, ४०० हा फिल्मचा वेग. आकडा दुप्पट झाला की निम्म्या उजेडात काम भागते. वेग कमी तितके चित्रातले कण बारीक, म्हणून जाणकार १०० ची शिफारस करतात. भर उन्हात ते खरेच आहे. पण आपण फोटो काढतो कुठे? आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. भवानी पेठेत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी, नाना पेठेत तुकाराम महाराजांची. गल्ल्या अरुंद, माणसे चालती, देवळाच्या सभामंडपात उजेड बेताचा. तिथे ४०० ला सेकंदाचा तिसावा भाग पुरत असेल, तर १०० ला आठवा भाग लागेल. एवढ्या वेळात हात हलतो, वारकरी पुढे सरकतो, आणि हाती येतो नुसता धूसर डाग. थोडे जाड कण चालतील, हललेला चेहरा चालत नाही. शाळेच्या वर्गातही हेच. म्हणून माझे म्हणणे, सुरुवात ४०० नेच करा.

रंगीत की कृष्णधवल? कृष्णधवल घ्या. कोडॅकची ट्राय-एक्स किंवा इल्फर्डची एचपी-५ प्लस, दोन्ही ४०० च्या. उजेडाचा अंदाज थोडाफार चुकला तरी त्या सांभाळून घेतात. रंगीत पारदर्शिकेची फिल्म मात्र जराही क्षमा करीत नाही, तिच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. शिवाय कृष्णधवल फिल्म घरी धुता येते. त्यासाठी द्रावण साधारण २० अंशांवर ठेवतात. आमच्या पुण्यात चैत्र-वैशाखात नळाचे पाणीच त्याहून गरम, तेव्हा भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागते. रंगीतला सुमारे ३८ अंश लागतात, आणि अर्ध्या अंशाचा फरकही रंगांत दिसतो.

एकदा निवडलीत की पाच-सहा रिळे तीच वापरा. दर वेळी फिल्म बदलली तर चूक आपली की फिल्मची, हे कळायचे कसे?

विकत घेताना डबीवरची मुदत बघा, आणि घरी आणल्यावर पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. उष्णतेने फिल्म धुरकट होते. त्याच माळ्यावर एखादे जुने 'इंदू'चे रीळ सापडले, तर ते १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे. तो कारखाना आता बंद आहे. हौस म्हणून ते परसातल्या झाडांवर वापरून पाहा, पालखीला मात्र नवीनच न्या.