जुनें यंत्र आणि नवी चित्रफीत

दापोडी येथें एस. टी. ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. अशा कामगारवस्तींत कोणे एके काळीं हौसेनें घेतलेला डीव्हीडी प्लेअर अद्यापि जपून ठेवणारीं घरें दुर्मिळ नाहींत. घरांतील वृद्धांच्या हाताला त्याचींच बटणें सरावाचीं असतात. एखादे दिवशीं परगांवचा नातू बहिणीच्या लग्नाची चित्रफीत पेन ड्राइव्हवर घालून आणतो, आजीसह सर्व मंडळी जमतात, आणि पडद्यावर 'फाइल चालत नाहीं' एवढीच ओळ उमटते. यंत्र बिघडलें असें समजून तें भंगारांत देण्याची घाई होते. वस्तुतः दोष बहुधा यंत्राचा नसतो.

प्रथम यंत्राला पेन ड्राइव्ह दिसतो कीं नाहीं, हें पाहावें. दिसत नसल्यास त्याची आंतील मांडणी तपासावी. संगणकावर 'प्रॉपर्टीज' उघडल्यास तिचें नांव कळतें. जुन्या यंत्रांना बहुधा १९९६ सालची 'फॅट ३२' हीच मांडणी समजते. 'एनटीएफएस' व 'एक्सफॅट' या अनोळखी असतात. मांडणी बदलणें म्हणजे फॉरमॅट करणें, आणि त्यांत आंतील सर्व कांहीं पुसलें जातें. लग्नाची एकुलती एक प्रत त्यावर असेल, तर ती आधीं संगणकावर उतरवून, तेथें उघडून पाहून, मगच या कामास हात घालावा. यंत्र दुरुस्त होईल. गेलेला सोहळा पुन्हा टिपतां येणार नाहीं.

फॅट ३२ मध्यें ४ जीबी वा त्याहून मोठी एक फाइल मावत नाहीं. मोठ्या पेन ड्राइव्हपेक्षां ८ किंवा १६ जीबीचा बरा. हार्ड डिस्क जोडल्यास ती पुरेशा विजेअभावीं सुरूच होत नाहीं, असेंही घडतें. कारण यूएसबी २.० च्या खांचेंतून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळावा असें ठरलेलें आहे.

फाइलचें नांव दिसतें, पण चित्र दिसत नाहीं, हा दुसरा प्रकार. पाकिटावरील पत्ता बाळबोध लिपींत आणि आंतील पत्र मोडींत असावें, तशी ही गत आहे. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही हीं पाकिटांचीं नांवें होत. आंतील चित्र कोणत्या रीतीनें लिहिलें आहे, तें निराळें. यूएसबीची खांच असलेल्या जुन्या प्लेअरांना सामान्यतः एमपेग-२ आणि डिव्हएक्स वा एक्सव्हिड या रीती वाचतां येतात. आजचे फोन २००३ सालच्या एच.२६४ किंवा २०१३ सालच्या एचईव्हीसी या रीतीनें लिहितात. ही वाचनविद्या प्लेअरच्या चिपमध्येंच बसविलेली असल्यामुळें ती मागाहून शिकवितां येत नाहीं. आणि फाइलच्या नांवाचें शेपूट बदलणें म्हणजे केवळ पाकीट बदलणें होय.

आकाराचाही प्रश्न आहे. डीव्हीडीच्या पॅल पद्धतीच्या चित्रांत ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात; फोनच्या १९२० गुणिले १०८० च्या चित्रांत बरोबर पांचपट. एवढा भार जुन्या यंत्रास पेलत नाहीं. चित्र दिसून आवाज येत नसेल, तर आवाजाची रीत अनोळखी आहे असें समजावें.

यावर उपाय म्हणजे पत्र पुन्हा लिहून काढणें. 'एफएफएमपेग' किंवा 'अव्हिडेमक्स' हीं विनामूल्य साधनें संगणकावर हें काम करतात. चित्रासाठीं एक्सव्हिड, आवाजासाठीं एमपी३, पाकीट एव्हीआयचें, आणि आकार ७२० गुणिले ५७६ च्या आंत ठेवावा. फाइलचें नांव आंखूड व रोमन अक्षरांत द्यावें. देवनागरी नांव पुष्कळ यंत्रांना दाखवितां येत नाहीं. आधीं एका मिनिटाचा तुकडा करून प्लेअरवर लावून पाहावा. तो चालला म्हणजे सबंध चित्रफितीस लागावें. मूळ फाइल मात्र कदापि पुसूं नये.

एवढ्यानेंही न जमल्यास चित्रफितीची रीतसर डीव्हीडी बनवून घ्यावी. नुसती फाइल तबकडीवर उतरविणें निराळें. एमपेग-२ मध्यें बांधलेली तबकडी मात्र मूळ डीव्हीडीप्रमाणेंच चालते. कार्यशाळेंत गाडी आली कीं कारागीर आधीं दोष कोठें आहे तें शोधतो, गाडी मोडीत काढण्याची भाषा मागाहून. घरच्या यंत्रासही तेवढाच न्याय मिळाला, तर आजीला नातीचें लग्न तिच्या सरावाचें बटण दाबून हवें तेव्हां पाहतां येईल.