धंदा बुडाला तर घर कोणाचं जातं?

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर गुमास्त्याचा कागद, शेजारी जीएसटीचं प्रमाणपत्र आणि अलीकडे उद्यम नोंदणीचंही. हे तिन्ही फ्रेम करून लावले की आपला व्यवसाय 'रजिस्टर' झाला आणि कायद्याच्या लेखी आपल्यापासून वेगळा उभा राहिला, अशी पुष्कळांची समजूत होते. ती चुकीची आहे आणि महागात पडणारी आहे.

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. कामगारांचे तास, सुट्ट्या अशा गोष्टींशी तिचा संबंध. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना दिली तरी पुरते. जीएसटी क्रमांक करासाठी, उद्यम नोंदणी लघुउद्योगांच्या सवलतींसाठी. यातल्या कशानेही नवी कायदेशीर 'व्यक्ती' जन्माला येत नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक आणि धंदा एकच. माल देणाऱ्याचे पैसे थकले तर तो दुकानातल्या मालावर थांबणार नाही. मालकाचा फ्लॅट, गाडी, बँकेतली शिल्लक, सगळं त्याच्या आवाक्यात येतं. म्हणून एकल मालकी वाईट, असं मी अजिबात म्हणणार नाही. उधारी कमी, रोखीचा व्यवहार आणि डोक्यावर मोठं कर्ज नाही, अशा धंद्याला याहून सुटसुटीत प्रकार नाही. पण जोखीम कोणाची आहे, हे मालकाला ठाऊक हवं.

"आमची भागीदारी तोंडीच आहे, मी कशातही अडकलेलो नाही."

सर्वांत जास्त नुकसान मला वाटतं या एका वाक्याने केलं आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदारी तोंडी ठरली तरी ती भागीदारीच असते. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, हेही खरं. पण नोंदणी नसेल तर कराराचे पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मला सहसा दावा लावता येत नाही. उलट बाहेरचा माणूस मात्र फर्मवर खुशाल दावा लावू शकतो. म्हणजे नोंदणी टाळून जबाबदारी टळत नाही, फक्त हक्क जातो.

त्याहून मोठा गैरसमज वाट्याचा. समजा, दोघांनी मिळून छपाईचा व्यवसाय काढला. एकाचा वाटा ९० टक्के, दुसऱ्याचा १०. कागदाच्या व्यापाऱ्याचे १२ लाख थकले. धाकटा भागीदार म्हणणार, माझ्याकडे फार तर एक लाख वीस हजार निघतात. कायदा तसं म्हणत नाही. व्यापारी पूर्ण १२ लाख एकट्या त्याच्याकडून मागू शकतो. जास्तीचे पैसे त्याने मागाहून थोरल्या भागीदाराकडून वसूल करावेत, तेही थोरल्याकडे काही उरलं असेल तर. नफ्याचे टक्के हा भागीदारांचा आपसातला हिशेब आहे. बाहेरच्या धनकोवर तो बंधनकारक नाही. शिवाय धंद्याच्या नेहमीच्या कामात एका भागीदाराने फर्मच्या नावाने दिलेली ऑर्डर सगळ्यांना बांधते, दुसऱ्याला विचारलेलं असो वा नसो.

आणि बाहेर पडणं? हिशेब मिटला, हातात हात दिला, संपलं, असं लोक धरून चालतात. मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टायपात 'अमुक भागीदार निवृत्त झाले असून' अशा जाहीर नोटिसा येतात, त्या उगाच नाहीत. निवृत्तीची सूचना सरकारी राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते. फर्म नोंदलेली असेल तर फर्म निबंधकालाही कळवावी लागते. ते होईपर्यंत, तुम्ही अजून भागीदार आहात असं समजून उधार देणारा तुमच्या दारात येऊ शकतो. त्या नोटिशीचा खर्च वाचवू नये, हे मी कळकळीने सांगेन.

दोघांच्याच भागीदारीत एक जण गेला तर फर्म तिथेच विसर्जित होते. 'मुलगा आपोआप भागीदार' असं काही नसतं. त्याच्यासोबत नव्याने करार करावा लागतो.

"प्रायव्हेट लिमिटेड केली, आता घर सुरक्षित."

यामागचं तत्त्व खरं आहे, आणि जुनं आहे. लंडनमधल्या ॲरन सालोमन या बूट बनवणाऱ्या व्यावसायिकाने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. कंपनीच्या २०,००७ शेअरांपैकी २०,००१ त्याचे, उरलेले सहा घरच्यांचे. कंपनी बुडाली. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी वेगळी आणि सालोमन वेगळा. तिची देणी त्याने फेडायचं कारण नाही.

मात्र छोट्या कंपनीच्या कर्जाची फाइल उघडून पाहा. कंपनीच्या शिक्क्याखालच्या सह्या झाल्या की त्याच संचालकांसमोर आणखी एक कागद येतो: वैयक्तिक हमीपत्र. इथे पेन संचालकाचं नसतं, घरमालकाचं असतं. बँका सहसा ही हमी घेतल्याशिवाय कर्ज देत नाहीत. दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीचं कर्ज तडजोडीत मिटलं तरी हमीदार त्यामुळे आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केलं आहे. मर्यादित जबाबदारीचा खरा उपयोग होतो तो हमी न घेतलेल्या देण्यांबाबत: माल पुरवणारे, जागेचा मालक, नुकसानभरपाई मागणारं गिऱ्हाईक. फसवणूक केली तर तोही आडोसा उरत नाही.

कंपनीला किमान एक लाख भांडवल लागतं, ही अट २०१५ साली गेली, तरी लोक अजून तीच सांगतात. एकट्याला कंपनी काढता येत नाही, हेही जुनं झालं. २०१३ च्या कायद्याने एकव्यक्ती कंपनीची सोय केली आहे, वारस म्हणून एक नामनिर्देशित व्यक्ती लिहून द्यावी लागते इतकंच. 'पब्लिक लिमिटेड' म्हणजे सरकारी नव्हे. सरकारी कंपनी म्हणजे जिच्या भांडवलात सरकारचा वाटा किमान ५१ टक्के आहे ती.

करासाठी कंपनी काढणाऱ्यांनी जरा थांबावं. भागीदारी फर्मला नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. सवलती सोडणाऱ्या कंपनीला मूळ दर २२ टक्के, म्हणून कंपनी स्वस्त वाटते. पण कंपनीचा नफा लाभांश म्हणून घरी नेताना तुमच्या हातात त्यावर पुन्हा कर लागतो. फर्ममधल्या नफ्याच्या वाट्यावर लागत नाही. शिवाय वार्षिक विवरणपत्रं वेळेत भरली नाहीत तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत राहतं, कंपनीने वर्षभर एक रुपयाचा धंदा केलेला नसला तरी. पाच-सहा जणांच्या व्यावसायिक फर्मला २००८ च्या कायद्यातली मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, पुष्कळदा जास्त शोभते. जबाबदारी मर्यादित आणि उलाढाल ४० लाखांच्या व भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर लेखापरीक्षणाची सक्ती नाही.

"सहकारी म्हणजे सरकारीच की."

विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. सरकारने पुढे सहकारी कारखान्यांत भागभांडवल घातलं, कर्जाला हमी दिली, निबंधकाला चौकशीचे आणि प्रशासक नेमण्याचे अधिकार दिले. गोंधळ तिथून सुरू झाला. पण सहकारी संस्था सभासदांच्या मालकीची असते. कंपनीत जितके शेअर तितकी मतं, इथे शेअर कितीही असोत, माणशी एक मत. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात लाभांशावरही १५ टक्क्यांची मर्यादा आहे, कारण भांडवलावर कमाई करणं हा संस्थेचा हेतूच नाही. हेच एक माणूस एक मत शेतकरी उत्पादक कंपनीतही टिकवलं आहे. ती नोंदते कंपनी कायद्याखाली आणि तिला किमान दहा उत्पादक लागतात.

याच गैरसमजाची सर्वांत क्रूर बाजू पतसंस्थांच्या ठेवीदारांनी सोसली आहे. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था एकच, 'दोन्हीकडे सरकार आहे', असं धरून निवृत्तीची पुंजी एक-दोन टक्के जादा व्याजासाठी ठेवली जाते. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं आणि तिथल्या ठेवींना, व्याज धरून, ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. त्याआधी ती एक लाख होती. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेली असते. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था गावोगाव आहेत आणि बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याला त्या कर्ज देतात, हे मान्यच. पण २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर पतसंस्थेला नावात 'बँक' हा शब्द लावायला मनाई आहे, ती बँक आणि पतसंस्था यांत गल्लत होऊ नये म्हणून. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ठेवीच्या पावत्या काढा आणि प्रत्येकीच्या माथ्यावर संस्थेचं पूर्ण नाव काय छापलंय ते वाचा. एकाच पतसंस्थेच्या पावत्या पाच-सहा निघाल्या, तर मुदत संपेल तशी त्यातली रक्कम वेगवेगळ्या बँकांत पाच लाखांच्या आत विभागून ठेवता येते.