न संपणारी गोष्ट : दैनंदिन मराठी मालिकांची कथनपद्धती आणि प्रेक्षकाची स्मृती

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांविषयी शिक्षित वर्गात, विशेषतः महाविद्यालयीन अध्यापकांत, एक ठरावीक मत आढळते. या मालिका रडक्या, संथ आणि भडक असतात, असे ते मत होय. प्रस्तुत लेखिका माटुंगा येथे राहते, महाविद्यालयात अध्यापन करते आणि सुमारे २५ वर्षे मराठी मालिका नियमितपणे पाहत आली आहे. या दीर्घ सवयीतून तिचे जे मत बनले ते थोडे निराळे आहे. संथपणा किंवा भडकपणा हा या कथनप्रकाराचा मूळ दोष नव्हे. घडून गेलेल्या घटनांचा कथेलाच विसर पडतो, हा खरा दोष आहे. आणि शेवट न ठरवता कथा सांगत राहणे हे त्याचे कारण आहे. हे मत पूर्वपरंपरा, निर्मितीची व्यवस्था आणि काही उदाहरणे यांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्रमशः कथनाची परंपरा

थोडी थोडी करून गोष्ट सांगणे मराठी समाजाला नवे नाही. चातुर्मासात देवळात चालणारे पुराण रोज थोडे पुढे सरकते. श्रोत्यांना शेवट आधीच ठाऊक असतो, तरीही ते रोज येतात. श्रावणातील कहाणी तर ‘सुफळ संपूर्ण’ झाल्याशिवाय उठता येत नाही. छापील साहित्यात हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. पुढील प्रकरणासाठी वाचकाला थांबावे लागे. परंतु यमूच्या आयुष्यात एकदा घडलेली गोष्ट पुढच्या प्रकरणात पुसली जात नसे. बालपण, लग्न, वैधव्य अशी कार्यकारणाची साखळी अखेरपर्यंत पोहोचते, म्हणूनच त्या कादंबरीचा शेवट वाचकाला अस्वस्थ करतो.

‘सोप ऑपेरा’चे मूळ मात्र वेगळे आहे. १९३० मध्ये शिकागो येथील नभोवाणी केंद्रावरून अर्ना फिलिप्स यांची ‘पेंटेड ड्रीम्स’ ही मालिका सुरू झाली. दुपारच्या वेळी घरकाम करणारी गृहिणी हा अशा मालिकांचा श्रोता होता आणि साबण बनविणाऱ्या कंपन्या त्यांच्या प्रायोजक होत्या. या प्रकाराचे नावही त्यावरूनच पडले. फिलिप्स यांचीच ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. म्हणजे एक कथा ७२ वर्षे चालली. येथे कथा हे साध्य राहत नाही. श्रोत्याला उद्याही याच वेळी येथे आणणे हे साध्य ठरते आणि शेवट हा त्यातील अडथळा होतो.

आपल्याकडे आरंभ तसा झाला नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’मध्ये प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पुरा होई. जुलै १९८४ मध्ये सुरू झालेल्या मनोहर श्याम जोशी लिखित ‘हम लोग’मागे मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या लोकशिक्षणाच्या प्रयोगांची प्रेरणा होती. ती मालिकाही सुमारे दीड वर्षात संपली. पुढे सह्याद्री वाहिनीवरील ‘दामिनी’ने दैनंदिन मालिकेची सवय लावली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या आल्यावर स्पर्धा वाढली आणि मालिकांची लांबीही वाढली.

निर्मितीची व्यवस्था

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वजा जाता कथेसाठी साधारणतः २२ मिनिटे उरतात. आठवड्यातून पाच-सहा दिवस इतका मजकूर लिहून, चित्रित करून द्यावा लागतो. हाताशी तयार भागांची ‘बँक’ बहुधा थोडीच असते. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्यांवरून एखादा ‘ट्रॅक’ वाढविला किंवा आवरता घेतला जातो. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांच्यापुढे अनेकदा निरनिराळी नावे दिसतात. अशा व्यवस्थेत शेवट कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

याच व्यवस्थेचा दुसरा परिणाम म्हणजे पुनरुक्ती. एकाच बातमीवर घरातील प्रत्येकाचा चेहरा दाखविला जातो, कालचा प्रसंग आज पुन्हा सांगितला जातो. यावर टीका करणारे बहुधा समोर बसून मालिका पाहत असतात. मालिकेचा खरा प्रेक्षक मात्र ती अर्धी कानांनी पाहतो. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, मुलांचा अभ्यास यांतून त्याला कथेचा धागा धरून ठेवायचा असतो. आपणही तासिकेच्या आरंभी मागील व्याख्यानाचा सारांश सांगतोच. सबब पुनरुक्ती हा या माध्यमाचा दोष नसून गरज आहे.

कथेचा स्मृतिलोप

प्रस्तुत लेखिकेची आई अखेरच्या काही वर्षांत फारशी घराबाहेर पडत नसे. संध्याकाळी सात ते दहा हा तिचा मालिकांचा वेळ. एका मालिकेतील धाकटा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि पुढे त्याचे नावही कोणी काढीना. आई अधूनमधून विचारी, “तो मुलगा गेला त्याचं काय झालं गं? आईला एक फोनसुद्धा नाही?” घरातील सर्वजण हसत. त्या हसण्याचा आज खेद वाटतो. ८० वर्षांच्या वृद्धेला जे आठवत होते ते कथेला आठवत नव्हते. तिचा प्रश्न भाबडा नव्हता. कथा सांगणाऱ्याने दिलेल्या शब्दाची ती आठवण होती.

प्रेक्षक या व्यवहारात काय देतो, याचा हिशेब करून पाहावा. ई टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे ३,००० हून अधिक भाग झाले. एका भागात २२ मिनिटे कथा धरली तरी ३,००० भागांचे १,१०० तास होतात. ४८ मिनिटांची एक तासिका धरल्यास या १,३७५ तासिका झाल्या. इतका वेळ ज्याने दिला त्याच्या स्मृतीचा मान राखला जावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

माटुंग्यात मराठी, तमिळ आणि गुजराती कुटुंबे एकाच इमारतीत राहतात, त्यामुळे एक गोष्ट सहज ध्यानात येते. ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेची (२०१९-२१) रूपांतरे मराठीत ‘आई कुठे काय करते’, तमिळमध्ये ‘बाकियलक्ष्मी’ आणि हिंदीत, गुजराती कुटुंबाच्या पार्श्वभूमीवर, ‘अनुपमा’ या नावांनी झाली. तीन मजल्यांवर तीन भाषांत एकाच गृहिणीची कथा ऐकू येई आणि जिन्यात तिच्याविषयी बोलणे होई. संसारात वर्षानुवर्षे गृहीत धरलेली स्त्री पतीच्या प्रतारणेनंतर स्वतःच्या पायांवर उभी राहते, हे कथाबीज समर्थ आहे. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली मराठी मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. अरुंधतीचा घटस्फोट झाला, तिने आशुतोषशी लग्न केले, पुढे आशुतोषचा मृत्यू झाला आणि ती पुन्हा संकटांना सामोरी गेली. नायिकेने मिळविलेले काढून घेतल्याशिवाय कथा पुढे जाऊ शकत नाही, असा याचा अर्थ होतो. स्वावलंबनाची कथा ऐकायला बसलेल्या प्रेक्षक स्त्रीला अखेरीस आपल्या प्रयत्नांना फळ नसते, असाच बोध होण्याचा धोका येथे संभवतो.

शेवट असलेल्या मालिका

यावर दोन आक्षेप घेता येतील. मालिका लवकर संपली तर वाहिनीचे नुकसान होईल, हा पहिला. लॅटिन अमेरिकेतील ‘टेलेनोव्हेला’ सामान्यतः काही महिन्यांत संपतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. तेथेही जाहिरातदार आहेतच. मराठीत ‘अग्निहोत्र’ (२००८-१०) या मालिकेने जुना वाडा आणि आठ गणेशमूर्ती यांच्या गूढातून आपल्या कथेला सीमा घालून घेतली होती. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली. या दोन्ही मालिकांची आठवण प्रेक्षक आजही काढतात. टाळेबंदीत मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले, तेव्हा शेवट सर्वांना ठाऊक असूनही देशभर ते मोठ्या संख्येने पाहिले गेले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दीर्घ मालिकेवर कलावंत व तंत्रज्ञ यांचा चरितार्थ चालतो. चित्रीकरणे बंद पडली तेव्हा रोजंदारीवर काम करणाऱ्यांचे किती हाल झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. तथापि एका मालिकेमागून दुसरी आल्याने काम थांबत नाही. माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात मालिकांतील कितीतरी कलावंत नाटक करतात. ते नाटक अडीच-तीन तासांत संपते आणि पुढील प्रयोगाला प्रेक्षक पुन्हा तिकीट काढून येतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मालिकांचा उपहास करून अध्यापकवर्गाने काही साधलेले नाही. आपल्या घरांतील वृद्ध आणि गृहिणी ज्या कथांत रोज काही तास वावरतात, त्यांचा विचार कादंबरी किंवा नाटक यांच्याइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवा. आपल्या महाविद्यालयांतील मास मीडियाचे विद्यार्थी उद्या याच मालिकांचे संवाद लिहिणार आहेत. त्यांना मालिकेचा पहिला भाग लिहावयास सांगण्यापूर्वी शेवटचा भाग लिहावयास सांगावा, एवढी एक सूचना प्रस्तुत लेखिका करू इच्छिते. परदेशी गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे त्या भागात आले पाहिजे. कोणीतरी आई ते विचारीत असते.